माझं सीरम आणि नायट्याची बुरशी

४ ऑगस्ट १९८६, सोमवार
रक्त द्यायला पुन्हा कोणी नाही. मला येताना पाहिलं की स्टाफरूममध्ये एकेकाला तास आठवतो. गोगटे तर म्हणाले, "अहो, मागच्याच महिन्यात दिलं की! आता किडनी न्या." शेवटी स्वतःचाच दंड पुढे केला. रक्त गोठलं, वर सीरम आलं, ते नायट्याच्या बुरशीत घातलं. बघू.

७ ऑगस्ट, गुरु.
बुरशी हललीसुद्धा नाही! इतरांच्या सीरममध्येही अडते, पण थोडी तरी वाढते. माझ्यात ठिपका नाही. देशमाने सर, आमचे गाइड, चक्क हसले. "बाई, यापुढे तुमचंच रक्त वापरा. परिषदेत हेच मांडू." सुटेल एकदाची पीएच.डी.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे नायट्यालाही तू झेपत नाहीस."

२१ ऑगस्ट, गुरु.
जिना चढताना धाप. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्त कमी, लोह तर नावालाच. चांगल्या खवळल्या. "स्वतःचं रक्त बाटल्यांत भरता, आणि वर दम लागतो म्हणता?" रोज सकाळी लोहाची गोळी. प्रयोगशाळेत वेळ तीच, अकराला रक्त.

४ सप्टें., गुरु.
सगळं पाण्यात. माझ्याच सीरममध्ये बुरशी कापसासारखी फुललीय. सर म्हणाले, "हात धुतले होते ना?"
हात! इतकी वर्षं बुरशी वाढवतेय मी.

८ सप्टें., सोम.
गणपतीच्या मांडवांमुळे बस वळवलेली, तासभर अडकले. तिथे डोक्यात आलं. गोळी! बुरशीला वाढायला लोह लागतं. सीरममधलं प्रथिन ते धरून ठेवतं, तिला मिळू देत नाही. माझ्यात तर लोहच नव्हतं, तिची पुरती उपासमार. आता मी सकाळी गोळी गिळते आणि अकरापर्यंत तिचं पान वाढून तयार.

१२ सप्टें., शुक्र.
ऑगस्टमधलं सीरम उरलं होतं. त्यात किंचित लोह मिसळून ठेवलं होतं. वाढली बुरशी. खरं ठरलं. आनंद मानू की डोकं आपटून घेऊ? परिषदेला गोषवारा गेलाय 'निरोगी माणसाचं सीरम' म्हणून. निरोगी कोण, मी?
सरांना म्हटलं, गोषवारा बदलू, इतरांचे आकडे देऊ. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "परिषद होईपर्यंत गोळ्या थांबवता येतील का?"
चहा सांगावा तशा आवाजात. संताप संताप झाला.

१३ सप्टें., शनि.
यांना सगळं सांगितलं. एकही टोमणा नाही. गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. घेतली.
सोमवारी अकराला पुन्हा रक्त. त्या दिवशीची गोळी सकाळी घ्यायची की अकरानंतर, मघापासून तेच घोळतंय. असलं काही माझ्या मनात येतं, याचीच सगळ्यात जास्त चीड येते.