बॅटरीतले तीर्थ

स्वानंद,

गाडी सुरू होत नाही, म्हणून गौरीला बाळंतपणासाठी आणायला मी एसटीने पांढरकवड्याला निघालो आहे. चार वर्षे टिकणारी बॅटरी वर्षभरात संपली, कारण डिस्टिल्ड पाण्याऐवजी तू तिच्यात तुझ्या महाराजांचे तीर्थ ओतलेस. "बाबा, गाडीलेही दृष्ट लागते," म्हणे! गावभर कपाशीवर शिंपडूनही ज्याची अळीने दखल घेतली नाही, ते तू शिशाच्या पट्ट्यांना पाजलेस. किळस आली.

नवी बॅटरी ओसरीवर आहे. जुनी काढताना ऋण टोकाची तार आधी सोडव. नवी बसवताना तीच शेवटी जोड. मग थेट पांढरकवड्याला ये. अवघडलेल्या मुलीला मी एसटीत बसवणार नाही.

गौरीला पाजण्यासाठी आईने भरून ठेवलेली तीर्थाची बाटली मी मोरीत रिकामी केली आहे. हे आईला तूच सांग.

— बाबा