कुरुमगडला आम्ही दोघंच

१४ एप्रिल १९९४, गुरुवार

जेटी दुरुस्तीला काढणार. सोळा मेपासून काटा बंद. म्हणजे ह्यांना सुट्टी — मे महिन्यात! सांगितलं कधी, तर दुसऱ्यांदा भात घेताना, "आज हुमण बरें जालां" म्हणतात त्याच सुरात. माझ्या हातातला डाव त्या माशांच्या हुमणातच राहिला.

लिहून ठेवते, कारण पुढे माझाच विश्वास बसायचा नाही. हे खाणीच्या जेटीवर वजनकाट्यावर बसतात. भरलेला ट्रक येतो, हे आकडा लिहितात, ट्रक जातो. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं हेच. खाण पावसात थांबते, म्हणून ह्यांची सुट्टीही पावसात. दुनिया उन्हाळ्यात फिरते. आमच्याकडे जून लागला की हे घरी बसतात आणि मी त्यांचे सदरे चुलीवर वाळवते. तेव्हा ना होडी सुटत, ना छत्री टिकत.

१५ एप्रिल

कुरुमगड. लिहिलं एकदाचं.

पाच वर्षांपूर्वी कारवारला लग्नाला गेलो होतो, तेव्हा किनाऱ्यावरून दिसलं होतं. समोर समुद्रात एक हिरवं बेट, बसल्या कासवासारखं. मी विचारलं, तिथे माणसं राहतात? मासळीवाली म्हणाली, पुजारी असतो, आणि आता पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या बांधताहेत. तेवढ्यात "सुशीला खंय गेली" म्हणून हाक आली, आणि बेट तिथेच राहिलं. मागच्या दिवाळीत त्या खोल्यांची जाहिरात पेपरात आली. कापून तांदळाच्या डब्यात ठेवलीय. आमच्या घरात तेवढ्या एका डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

खरं सांगायचं तर मला बेटाचं एवढं नाही. मला ह्यांच्याबरोबर एक दिवस हवाय. एकच. तिसरं माणूस नसलेला. या घरात आम्ही नऊ जण. आमची खोली म्हणजे न्हाणीकडे जायची वाट — रात्री-अपरात्री कुणीही बालदी वाजवत जातं. सव्वीस वर्षांत मी नवऱ्याशी कुजबुजल्याशिवाय बोललेले नाही. म्हणून तर ह्यांच्या कंपनीच्या डायरीत लिहिते.

ह्यांना विचारलं, जाऊया का? दोघंच?

"पळोवया," म्हणाले. म्हणजे बघूया.

दगड बरा. निदान "पळोवया" म्हणत नाही.

१८ एप्रिल

पत्र टाकलं. "दोन माणसांसाठी एक खोली. २१ मे, एक रात्र." पेटीत सोडताना दोनदा मागे वळून बघितलं, जशी काही पळूनच जातेय!

२९ एप्रिल

उत्तर आलं. पण माझ्या हाती शेवटी आलं. पोस्टमन पुढच्या दाराशी बाल्कांवावर टेकला, पाणी प्याला, आणि सासूबाईंना दिसत नाही म्हणून त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं. खोली आहे. पलंग मोठा आहे. समुद्र दिसतो. "पलंग व्हड" हे त्याने दोनदा वाचलं. जावेने — शालिनीने — तोंडाला पदर लावला. मी पिठाच्या हाताने उभी.

मांयना वाटलं तसा राग आला नाही. (सासूबाईंना सगळे मांयच म्हणतात.) त्या फक्त म्हणाल्या, "उदक हुपून वचपाचें, मगे देवीक विचारूंक जाय. कौल घेतल्याबगर ना."

ठीक आहे, पाणी ओलांडायला देवीची परवानगी. देवी बाईमाणूस आहे, समजून घेईल.

२ मे, सोमवार

कौल घेतला. देवीने उजवा दिला. आणि मी बुडाले.

झालं असं. सातेरीच्या देवळात सगुण गुरव कौल लावतात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर जा, डावी पडली तर घरी बसा. सगुण सत्तरीचे. विहीर खणा, लग्न काढा की म्हैस घ्या — त्यांचं गाऱ्हाणं एकच, आणि एकदा सुटलं की देवीच्या बापालाही थांबवता येत नाही.

"आई सातेरी माये! हें तुजें लेंकरूं कृष्णनाथ, ताची घरकान्न, ताची आवय, भाव-भावजय, भुरगीं-बाळां, आनी तुजो हो सगळो वाडो, ल्हान-व्हड, उदका पल्याड वतात. तांकां सुखरूप व्हर, सुखरूप हाड..."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे देवीकडे बघत होते. आणि पाकळी पडली! उजवी. इतकी झटकन, की सगुणसुद्धा दचकले.

सोमवार, त्यामुळे देवळात वाड्यावरचे सात-आठ जण होतेच. गोकुळदास, आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार, हात जोडलेले सोडून म्हणाला, "म्हणजे देवीन आमकांय सांगलां."

सगुणना बाजूला घेऊन विचारलं, सगळा वाडा कशाला घातलात मध्ये? म्हणाले, "वाडो सोडून गाऱ्हाणें घालूंक म्हजी जीब वळना."

मग परत विचारा, म्हटलं.

"तिणें एक फावट जाप दिली. परत विचारप म्हळ्यार तिचेर दुबाव."

एकदा उत्तर दिलेल्या देवीवर संशय कोण घेणार? मी तर नाही. आमच्या वाड्यात अकरा घरं. लहान-मोठी मिळून त्रेचाळीस माणसं.

३ मे

सकाळपासून आमच्या दारात लोक. चहाचं आधण उतरलंच नाही. होडीत किती मावतात? बेटावर साप आहेत का? पार्वतीमावशीला गुडघे दुखतात, तिला उचलून नेणार का? जशी काही मीच बेटाची मालकीण.

ह्यांना म्हटलं, काहीतरी बोला. तुमचा वाडा, तुमचा गुरव. हे म्हणाले "पळोवया", चहा संपवला, चप्पल घातली आणि बाहेर गेले. तासाभराने आले. कुठे गेला होता विचारलं तर म्हणे, "हांगाच." इथेच.

जेवले. झोपले. असा नवरा देवाने घडवला तेव्हा माती कमी आणि खनिज जास्त पडलं असणार.

७ मे

कमिटी झाली. गोकुळदास अध्यक्ष, कारण त्याच्या दुकानात बसायला कदेलं — खुर्च्या — आहेत. खजिनदार दोन, कारण एकावर कुणाचा भरवसा नाही. दीर शिवदास खाणीवर ट्रक चालवतो, तर त्याच्या ठेकेदाराकडून कामगारांची बस मिळाली, चालवणार शिवदासच. माझ्या पत्राचा पत्ता गोकुळदासने मागून घेतला. आता पत्रव्यवहार कमिटी करणार.

मी काय करणार? मी सोलकढी करणार. त्रेचाळीस माणसांची.

११ मे

बेटावरून कमिटीला उत्तर. खोल्या चारच आहेत. त्यावर गोकुळदासने निकाल दिला — दोन खोल्यांत बायका आणि मुलं, दोन खोल्यांत बाप्ये. मोठा पलंग पार्वतीमावशीला, गुडघ्यांमुळे.

म्हणजे सव्वीस वर्षांनी मी समुद्र ओलांडून जाणार, आणि झोपणार शालिनीच्या शेजारी. ती घोरते. हे मी घरबसल्या ऐकतेच आहे, भिंत अर्धीच आहे आमची.

आज रडले. न्हाणीत, पाणी सोडून. बाहेरून मांय म्हणाल्या, "सुशीले, उदक फुकट घालूं नाका." रडायलासुद्धा जागा नाही या घरात.

१२ मे

मला जायचंच नाही.

१३ मे

जायचंय. पण असं नाही.

१४ मे

सामान जमतंय. आमच्या बाल्कांवात पाय ठेवायला जागा नाही. दोन टोपं, तीन चटया, एक पाटा — पाटा! — आणि साठ नारळ. मी म्हटलं, अहो, बेटावर माड आहेत. गोकुळदास म्हणाला, "ते लोकांचे. आमचे नारळ ते आमचे नारळ." भजनी मंडळी पेटी आणि घुमट, ते मडक्याचं वाद्य, घेणार. कुणाचा तरी भाऊ म्हापशाहून येणार, त्याला कौल लागू आहे की नाही यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी सगुणनी सांगितलं, तो वाड्यात जन्मला होता, चालेल.

शालिनीने माझी निळी साडी मागितली. "वयनी, तुमी तशीं कामांत आसतलींच." दिली. कुणासाठी नेसणार होते?

हे बसून चाळीस पाट्या लिहिताहेत — कुठलं टोप कुणाचं, कळावं म्हणून. अक्षर सुरेख. मला वाटलं, हीच पेन्सिल घेऊन टोचावी.

१७ मे, मंगळवार

आणखी एक.

रात्रीच्या जेवणाआधी मांयना आठवलं — सगळा वाडा गेला, तर राखणदाराचा दिवा कोण लावणार? वाड्याच्या तोंडाशी राखणदाराची घुमटी आहे, आमच्या सगळ्यांचा रखवालदार देव तो. रोज सांजेला तिथे दिवा लागतो. घरटी आठवड्याची पाळी. पाळी त्या घरच्या थोरल्याची. दिवा चुकला असं मांयच्या हयातीत झालेलं नाही.

कमिटी बोलावली. एकवीसची पाळी कुणाची? मला वाटलं गोकुळदासची, कारण आमची मागच्या महिन्यातच येऊन गेली असं माझ्या डोक्यात होतं. गोकुळदास म्हणाला, "यादी सांगता ती कृष्णनाथाची." एवढंच बोलला. एरवी ज्याला नमस्कार करायला दहा वाक्यं लागतात तो! आणि वर बघत बसला, कौलं मोजत.

मग मीच विचारलं — देवीचा कौल आहे ना सगळ्यांना? मांयनी तोडगा काढला. दिवा लावणं हेही देवाचंच काम, त्यामुळे राहणाऱ्याला दोष नाही. शिवदास बस सोडू शकत नाही. म्हणजे हे राहणार. "आनी ताका जेवण कोण घालतलो?" म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

बेट मी शोधलं. पत्र मी लिहिलं. कौल माझ्यासाठी लावला. आणि वाड्यातली त्रेचाळीस माणसं... नाही, एकेचाळीस जाणार. दोन राहणार. त्यातली एक मी.

ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलतील — माझ्या बायकोला जाऊ दे, मी हाताने भात करून खाईन. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. म्हणाले, "बरें."

"पळोवया" सुद्धा नाही. "बरें"!

१८ मे

ह्यांच्याशी बोलत नाही. त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

२० मे

सोलकढी मात्र मीच करायची. नारळ खोवून हाताला फोड आला. कोकमाचं आगळ चार बाटल्या. शालिनी निळी साडी नेसून बघत होती. चांगली दिसते तिला, काय करणार.

संध्याकाळी सगळे एकेक करून माझं सांत्वन करून गेले. पार्वतीमावशी म्हणाली, तुझ्यासाठी शंख हाडटां. गोकुळदासची बायको म्हणाली, फुडल्या वर्सा. पुढच्या वर्षी मेमध्ये जेटी कोण बंद करणार आहे? ही संधी एकदाच होती, आणि ती आता एका बसमधून घोरत, भजन म्हणत, पाटा घेऊन जाणार. मला हसू नाही आलं, पण यायला हवं होतं एवढं कळलं.

२१ मे, शनिवार, सकाळ

बस गेली.

पाचला निघणार होती, पावणेसातला निघाली. दोनदा परत आली — एकदा घुमटासाठी, एकदा मांयच्या कवळीसाठी. मांय पुढच्या सीटवर बसल्या, नवरीसारख्या. मला खिडकीतून म्हणाल्या, "दिवो चुकूं नाका." शिवदासने हॉर्न दिला, सगळ्यांनी सातेरीचं नाव घेतलं, सोलकढी पहिल्याच वळणावर सांडली — आरडाओरडा इथपर्यंत आला.

मग धूळ बसली. कोंबड्यासुद्धा गप्प. मी बाल्कांवात उभी, हे पायरीवर. आत आले, भांडी घासली. किती आवाज होतो एका पेल्याचा, कधी कळलंच नव्हतं.

बाहेरून हे म्हणाले, "च्या घेतली गे?" मोठ्याने. या घरात मला कुणी इतक्या मोठ्याने चहा विचारलेला नाही. मी पेला घासतच राहिले. राग अजून आहे.

त्यांनीच केला. दूध जास्त, साखर कमी. तरी प्यायले मी.

२१ मे, संध्याकाळ

दिवा लावायला हे म्हणाले, तूही चल. बायका जात नाहीत तिथे. पण बघायला होतं कोण?

घुमटीच्या आत, तेलाच्या काळ्या डागांत पाळीची यादी चिकटवलीय. ह्यांनी वात पेटवली तशी ती दिसली. २१ ते २७ मे — गोकुळदास. त्यावर एक सरळ रेघ. वर लिहिलंय: कृष्णनाथ. अक्षर ओळखीचं. आणि काट्यावर चुकीचा आकडा खोडला की बाजूला सही आणि तारीख घालावी लागते ना, तशी सवयीने घातलेली सही. तारीख ३ मे.

म्हणजे कौलाच्या दुसऱ्याच दिवशी.

मी म्हटलं, अहो, मला सांगायचं तरी! अठरा दिवस मी...

म्हणाले, "तुजें तोंड म्हळ्यार उकतें जनेल. पयल्याच दिसा सगळ्या वाड्याक कळपाचें." उघडी खिडकी म्हणे मी!

वाड्यात दुसरा एकही दिवा नाही. हे अंगणात चटई घालताहेत. बस उद्या सातला येणार. लिहीत बसायला वेळ नाही.