एकोणचाळीस सालचा रुपया

डोंबिवली, ता. ९ मार्च १९५४

ती. दादांस,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व ठीक. चित्राची परीक्षा जवळ आली आहे. गणित सोडवताना ती सारखी बाबांच्या खुर्चीकडे बघते, म्हणून खुर्ची मी आत नेली.

पत्राचे कारण वेगळे आहे. काल कल्याणहून गुरुदत्त वैद्यांचे पत्र आले. यांच्या नाण्यांच्या छंदातले ते स्नेही. हे वारल्याचे त्यांना आता कळले. डिसेंबरात त्यांनी एकोणचाळीस सालचा एक रुपया यांच्याकडे पारखायला ठेवला होता; तो घ्यायला ते एकवीस तारखेला, रविवारी येणार आहेत. त्या सालचे रुपये फार थोडे सापडतात आणि शोधणारे पुष्कळ, म्हणून एका गृहस्थाने त्यांना तीनशे रुपये कबूल केले आहेत. एका रुपयाचे तीनशे. मी ते तीनदा वाचले.

यांचा नाण्यांचा डबा उघडला. आत यांच्या हातची चिठ्ठी आहे, ‘गुरुदत्तांचा. अस्सल.’ रुपया नाही. जुन्या चांदीचे बाकीचे रुपयेही नाहीत. हे गेले त्या दिवसांत घरात कोण कोण आले ते आठवत बसले. भांडी घासणाऱ्या तुळसावर संशय आला. तिला काही बोलले नाही, पण काल ती पदराला हात पुसत होती तर पदरात काही बांधले आहे का ते बघत राहिले. नाण्याच्या बाबतीत तुमच्या भावाचा शब्द इकडे सगळे शेवटचा मानत. त्यांच्यामागे त्यांना चोर म्हणतील का, हाच विचार डोक्यात आहे. तुम्हांला काही ठाऊक असल्यास उलट टपाली कळवावे.

सौ. वहिनींना नमस्कार. आमच्यावर आहे ती माया राहू द्यावी.
सुमती


ठाणे, ता. १३ मार्च

चि. सुमतीस,
अनेक आशीर्वाद. नावामागे आता जे लिहितात ते माझ्याने लिहवत नाही, रागावू नकोस.

तुळसाला बोलली नाहीस हे फार बरे झाले. डबा मी उघडला. आपल्या घरात तेराव्याच्या दक्षिणेला नोट देत नाहीत, चांदीचा रुपया देतात. वडिलांच्या वेळी आईने तसेच केले होते. तू आत पडून होतीस, विचारायला धीर झाला नाही. डब्यातले अकरा रुपये घेतले. चिठ्ठीकडे लक्षही गेले नाही. त्र्यंबक मला नेहमी चिडवायचा, की दादा, मास्तर असून तुम्ही रुपयावरचे साल वाचत नाही.

काल कल्याणला प्रभाकरभटजींकडे जाऊन आलो. त्यांच्या कमळाबाईंनी ऐकवले की दक्षिणा परत मागायला आलेला यजमान त्या पहिलाच पाहत आहेत. चांदी चांगली म्हणून त्यांनी सगळे रुपये सोनाराकडून आटवून नातवाला वाळे केले. वाळे मी पाहिले. मूल ते तोंडात घालत होते.

आता नीट वाच. येथे जुनी नाणी विकणाऱ्या एकाकडे अडतीस सालचा रुपया होता, आठाचा नऊ केलेला. नऊ रुपयांना घेतला. तो रजिस्टरने पाठवत आहे, तोच परत दे. गुरुदत्तांना स्वतःला पारख असती तर त्यांनी त्र्यंबकाकडे कशाला ठेवला असता? मला पोलिसाची भीती नाही, लोकांच्या तोंडाची आहे. उद्या चित्रासाठी स्थळे बघू लागलो की कोणीतरी हीच गोष्ट काढील. कृपा करून वाद घालू नकोस.

जपून राहा. तुझा वडीलकीने काळजी करणारा,
श्रीपाद


डोंबिवली, ता. २२ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

रजिस्टर पोचले. यांच्या भिंगाखाली धरून पाहिले. नऊच्या आकड्याभोवतीची चांदी खरवडलेली आहे. कुठे बघायचे ते यांनीच मला एकदा शिकवले होते.

काल गुरुदत्त आले. मी चहात साखर दोनदा घातली. मग रुपया आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. होय दादा, ठेवली. तुम्ही सांगितले म्हणून नव्हे, मीच घाबरले होते म्हणून. त्यांनी रुपया उलटूनसुद्धा पाहिला नाही. चिठ्ठी वाचली आणि म्हणाले की त्र्यंबकरावांनी अस्सल म्हटले आहे, आता कोणाला विचारायचे कारण नाही. दोन्ही एकाच पुडीत बांधली. यांचे अक्षर त्या रुपयाला चिकटून चालले होते, पुढे घेणारा ते वाचून तीनशे मोजणार होता.

ते चपला घालत असताना मी थांबवले. सांगितले की हा रुपया तुमचा नव्हे आणि खराही नव्हे. तुमचा मी दक्षिणेत दिला, तो आटला. ते उंबऱ्याच्या आतच खाली बसले. आता आवाज चढेल, शेजारीपाजारी जमतील म्हणून मी दार ओढून घेतले. बसल्या बसल्या म्हणाले की कळव्याला एकाकडे असाच एक रुपया आहे. आपला आटल्याचे कळले की तो उद्याच साडेतीनशे सांगेल, त्याचे आयते फावले. हसले मात्र नाहीत.

आत उरलेल्या जुन्या नाण्यांसकट मी यांचा सगळा डबा पुढे केला. त्यांनी घेतला. घेणार नाहीत असे मला वाटले होते, पण नुकसान त्यांचे झाले आहे. चिठ्ठी परत दिली. जाताना बजावले की कोणी विचारले तर झाले ते सांगणार, लपवणार नाही. मी बरे म्हटले. तुमचा नऊ रुपयांचा रुपया हातोडीने चेपून टाकला आहे, पुन्हा कोणाच्या हाती पडू नये.

भीती गेली असे म्हणवत नाही. गल्लीत कोणी हळू बोलले की माझ्याबद्दलच असेल असे वाटते. तुम्ही रागावला असाल तरी पत्र पाठवावे.
सुमती


ठाणे, ता. २८ मार्च

चि. सुमतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र जेवताना तुझ्या वहिनीने, सौ. प्रमोदिनीने, मोठ्याने वाचले. ‘मी दक्षिणेत दिला’ येथे ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पानावरून उठलो.

आज कल्याणला गेलो. गुरुदत्तांच्या ओटीवर चारजण बसले होते आणि बोलणे हेच चालले होते, की त्र्यंबकाच्या बायकोने रुपया उडवला, वर खोटा आणून ठेवला. माझे नाव कोणी घेत नव्हते. तसेच परत फिरावे असे वाटले, दोन पावले फिरलोही. मग ओटीवर चढलो आणि सर्वांसमोर सांगितले की डबा न विचारता मी उघडला, दक्षिणा मी दिली आणि खोटा रुपयाही मीच विकत आणला. एकाने विचारले की मास्तर, पोरांना हेच शिकवता का?

गुरुदत्त सरकले. त्यांनी मला सतरंजीवर जागा दिली. बसलो.

चित्राला जवळ घे. यापुढे कोणी विचारले तर माझे नाव सांगावे.
श्रीपाद