बिनधुराचं धुराडं

प्रिय ओळंब्या,

लेकुरवाळ्या बाईला या नावानं हाक मारतो म्हणून तुझी आई अजून माझ्यावर डोळे वटारते. पण चार वर्षांची असताना भिंत सरळ आहे का ते बघायचा माझा ओळंबा दोरीनं चिमुकल्या हातात धरून तू भिंतीपाशी उभी राहायचीस आणि त्याचं हलणं थांबेपर्यंत पापणीसुद्धा लववायची नाहीस. तेव्हापासून माझ्यासाठी तू ओळंबाच. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, दोन वाक्यं झाली की मी फोन आईच्या हातात देतो. म्हणून लिहायला बसलो. अक्षर गवंड्याचं आहे, सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त कुरकुरते. तिच्याकडूनच कळलं की येत्या सोमवारी विद्यापीठाची समिती बसणार आहे. तू आखलेल्या इमारतीचा चौक वरून बंद करायचा आणि खोलीखोलीत थंड हवेची यंत्रं बसवायची, असं घाटतंय म्हणे. आणि तू आईला म्हणालीस, "मला हे काम जमलंच नाही, आता सोडून देते." मला मात्र काही बोलली नाहीस. बाबांना लागेल म्हणून लपवलंस ना? लागलं ते लागलंच.

मला सारखी त्या इमारतीची सुरुवात आठवते. पायाची माती निघाली तेव्हा ती बाहेर फेकायची नाही म्हणून तू ठेकेदाराशी कडाकडा भांडलीस. त्याच मातीच्या विटा दाबून भिंती उभ्या करायच्या! मी म्हणालो, "अगं बाई, जन्मभर भाजक्या विटा लावल्या, आता म्हातारपणी मातीत खेळवतेस होय?" तू म्हणालीस, "बाबा, एकदा लावून तर बघा." लावली, आणि हातातून सोडवेना. माती तपासणारे, पानं तपासणारे, यंत्रं जोडणारे, तिन्ही विभागांची माणसं तोवर एकमेकांचं तोंड बघत नव्हती. त्यांच्यासाठी तू मधल्या चौकात एकच लांब टेबल ठेवलंस आणि चहाची जागाही एकच. चहाला येतील, बोलतील, एकाचं अडलेलं दुसरा सोडवील, असं तुझं म्हणणं. चौकाच्या डोक्यावर तो उंच बुरूज. आतली गरम हवा त्यातून वर चढून निघून जाणार आणि खालून गार वारा आत ओढला जाणार, वीज न जाळता. मी त्याला बिनधुराचं धुराडं म्हणालो, तर तू हसत हसत नकाशावर तेच नाव लिहिलंस.

उन्हाळ्यात तिथे एक चक्कर मारली होती. टेबलावर धूळ, चिटपाखरू नाही. जो तो दार लावून आपापल्या पंख्यापुढे. पानं तपासणाऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "काका, भिंत काय सुरेख आहे हो तुमची! पण आत नुसती भट्टी पेटलीय." मी मेला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं खिशात घातलं आणि मिरवत घरी आलो.

आता कपाटाचं सांगतो. तुझे जुने नकाशे आई फळ्यांवर अंथरते. तीन दिवसांमागे मी डबा काढायला गेलो तर डब्याखाली आपला बुरूज. तुला एक कबूल करतो. नकाशा मला कधीच वाचता आला नाही. तू समोर धरायचीस, मी चष्मा चढवून मान डोलवायचो. लेकीसमोर कसं म्हणू, की यातलं मला ओ की ठो कळत नाही? पण हे होतं भिंतीचं सरळ चित्र. छपराखाली एका ओळीत बारीक चौकोन, आणि प्रत्येकातून बाहेर निघालेला बाण. बाण कुणालाही कळतो. चौकोन मोजले. चोवीस भरले. पुन्हा मोजले, चोवीसच.

बुरुजाचे वरचे थर माझ्या जोडीच्या गवंड्यानं चढवले होते, मी गुडघ्यामुळे खाली होतो. शेवटी हात फिरवायला वर गेलो तेव्हा ओळीनं भोकं दिसली, त्यांत आम्ही ज्यावर उभे राहायचो त्या परांचीचे बांबू खोवलेले. परांची उतरली की बांबूंची भोकं बुजवायची, हे कुठल्याही गवंड्याच्या हातात मुरलेलं असतं. भोक उघडं राहिलं तर लाज त्याची. ही हवेसाठी मुद्दाम ठेवलेली आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याच दिवशी सकाळी दवाखान्यातून निरोप आला होता, नात झाली! लेक बघायला येईल तेव्हा भिंत कशी लख्ख दिसायला हवी, म्हणून मी त्याच मातीच्या विटा कापून चोवीसच्या चोवीस भोकं इतकी बेमालूम बुजवली, की खालून कुणाच्या बापाला सापडू नयेत. आतून तर लाकडी जाळी, तिच्या मागच्या अंधारात कुणाला काय दिसणार? संध्याकाळी बाळ मांडीवर घेऊन बसलो होतो. तू पडल्या पडल्या विचारलंस, "बाबा, वरचं सगळं नकाशाप्रमाणे झालं ना?" मी म्हणालो, "अगदी बरहुकूम."

आज चौथा दिवस. दोन दिवस गप्प बसलो, कारण इमारतीच्या दाराशेजारच्या पाटीवर तू हट्टानं माझं नाव घातलंयस आणि मला त्याचा मोह सुटेना. काल दुपारी मात्र तिथल्या पहारेकऱ्याला गाठलं, शिडी लावली, छिन्नीनं एक भोक मोकळं केलं. गरम वाफारा असा फसकन अंगावर आला की टोपी उडाली. खालून पहारेकरी ओरडला, "काका, इकडे वारा सुटला की!" ओळंब्या, तुझं काही चुकलेलं नाही. तुझं धुराडं वर्षभर श्वास कोंडून उभं आहे आणि त्याचं नाक तुझ्या बापानं दाबलंय. हे पत्र सोमवारी समितीपुढे मोठ्यानं वाच, नकाशा न कळल्याचं सुद्धा वाच, काही गाळू नकोस. उरलेली तेवीस मी मुद्दाम राखून ठेवली आहेत. छिन्नीला धार लावली आहे. समितीला चौकात त्या टेबलाशी बसव, नातीला कडेवर घे आणि खालून सांग, मी वर एकेक उघडत जाईन. आणि त्याआधी, जमलं तर, तो नकाशा मला एकदा शिकव. या वेळी मान डोलावणार नाही, विचारीन.

तुझाच,
बाबा