निळी बाजू

मंगळवार, सकाळ

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद. आज उठल्यापासून कानात आमचा चौथीचा वर्ग कविता म्हणतोय. चाळीस पोरांचा एक सूर, आणि शेवटच्या बाकावरून तुझा दादा एक ओळ मागे. गुरुजी म्हणायचे, "थांबा रे, त्याला येऊ द्या." मग सगळा वर्ग शेवटचा शब्द लांबवत राहायचा. तू खिडकीबाहेर हसायचीस.

माझे गुडघे तसेच. जिन्यातला दिवा एकदाचा लागला.

आरोग्य केंद्रातल्या मानसशास्त्राच्या बाईंबद्दल मागे लिहिलं होतं. पहिल्याच सभेत त्या आम्हा एकेकट्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या, माणूस एकटा आजारी पडत नाही, त्याच्याबरोबर त्याचा जिना, म्हणजे शेजारही आजारी पडतो. औषध जिन्यालाच द्यायचं. दादा पुटपुटला, "मग पाजा त्यालाच चमचाभर." बाईसुद्धा हसल्या. औषध म्हणजे दारावरची लाकडी पाटी. रात्री पांढरी बाजू बाहेर, सकाळी उठलं की निळी. नऊपर्यंत ज्याची पांढरी, त्याचं दार त्या दिवशीच्या पाळीवाल्यानं वाजवायचं. आठ महिन्यांत माणसं एकमेकांशी भांडायलाही लागली. बाई म्हणाल्या, ही सुधारणाच.

दादा पाटी विसरायचा. सभेत बोलणी खायचा. म्हणून माझी पाळी असली की मीच ती गुपचूप फिरवायचो. वर्गात शेवटचा शब्द लांबवण्यासारखंच वाटायचं ते.

दादा गेला त्या गुरुवारीही पाळी माझीच होती. तुला कळवलं, की त्यानं सकाळी पाटी फिरवली आणि मग एकाएकी गेला, हाल झाले नाहीत. सगळे तेच मानतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पहाटेच बाथरूममध्ये पडला असावा; दुपारपर्यंत जीव होता.

पाटी मी फिरवली होती, चिमे. दार वाजवलं नाही.

आता लोक म्हणतात, निळी असूनही माणूस जातो, तर पाटी कशाला? निम्मी दारं दिवसभर पांढरी असतात आणि कुणी वाजवत नाही. पाटी खोटी नव्हती, खोटा मी होतो, एवढं सभेत बोललो तर कदाचित जिना सावरेल. तोंड उघडत नाही. माझीही पाटी तीन दिवस पांढरीच आहे. कुणी आलं नाही.

आत्ता दार वाजलं. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर बॅग घेऊन तू. दादाच्या वेळी प्रवास झेपला नव्हता, आणि आज न कळवता. बाहेरून म्हणतेस, "भाऊ, पाटी पांढरी दिसली, म्हणून आधी तुमचंच दार वाजवलं."

थांब म्हटलंय तुला. आधी सही करतो, मग कडी काढतो. उलट केलं तर सही व्हायची नाही.

तुझ्या दादाचं दार न वाजवलेला,
भाऊ