माझा चेहरा पुलाला पाठ आहे

१ जून २००९, सोमवार
सकाळी नेहमीसारखा पेट्रोल भरायला पुलावरून अमेरिकेत निघालो. तीस वर्षं पलीकडच्या नाक्यावरच्या पर्व्हिसला नुसता हात दाखवून जातो. आज त्याने गाडी अडवली. आजपासून नवा नियम म्हणे, पासपोर्ट मागितला. म्हटलं, पर्व्हिस, तुझ्या आईच्या अंत्यविधीला मी गायलोय. म्हणाला, हेझन, छान गायलास, आता गाडी वळव.
कॅनडात परत. प्रभू त्याला क्षमा करो. मला घाई नाही.

४ जून
आमची मुलगी मार्ला पलीकडे दिलेली. बारा जुलैला तिच्या बाळाचा बाप्तिस्मा, धर्मपिता मी. बायको, व्हर्ना, म्हणते, आजच पासपोर्टचा अर्ज कर. म्हटलं, महिनाभरात नियम गुंडाळतील. देवाने नदी केली, पासपोर्ट नाही केला.

७ जून, रविवार
चर्चनंतर गावाला बजावलं: कुणीही अर्ज करायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एलवुड तेवढा हसला. गावात पासपोर्ट त्याच्याकडेच. हिवाळ्यात फ्लोरिडाला ऊन खायला जातो. कुंपणाच्या भांडणापासून चौदा वर्षं मी त्याच्याशी बोलत नाही. योग्यच केलं.

१९ जून
व्हर्ना म्हणाली, तुझी तत्त्वं तू कडेवर घेऊन बस, मला नातू घ्यायचाय. अर्ज पाठवूनही मोकळी! त्यावर ओळखीच्या पासपोर्टवाल्याची सही लागते. एलवुडची आणली.
तिच्यासाठी प्रार्थना केली. मोठ्याने.

३ जुलै
पुन्हा पुलावर. पर्व्हिस म्हणाला, ओळखतो रे तुला, म्हणूनच सांगतो, घरी जा. मागच्यांनी हॉर्न वाजवले. पण तो मनातून विरघळतोय. बारा तारखेला सोडेल.

१२ जुलै, रविवार
सोडलं नाही.
व्हर्नाचा पासपोर्ट वेळेत आला; ती एलवुडच्या गाडीतून गेली. मी नदीकाठी उभा राहिलो. पलीकडच्या चर्चची घंटा ऐकू आली.
संध्याकाळी मार्लाचा फोन. आयत्या वेळी धर्मपिता कुठून आणणार? एलवुड उभा राहिला. बाळ त्याच्या हातात रडलं नाही म्हणे. तान्ह्या बाळांना अजून माणसं कळत नाहीत.

१४ जुलै
व्हर्ना महिनाभर तिकडेच राहणार. पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. हसायला मनाई होती. जड गेलं नाही. सही कुणाची घ्यावी? गावाने माझं अक्षरशः ऐकलंय. एकाकडेही पासपोर्ट नाही.

१६ जुलै
एलवुडचं दार वाजवलं. बस म्हणाला नाही. मला किती वर्षं ओळखतो, ते लिहायचं होतं. म्हणाला, 'गरजेपेक्षा जास्त' चालेल का?
फोटोच्या मागे, हा माणूस खरोखर असाच दिसतो, असंही लिहून द्यावं लागतं. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. बायकोला बोलावून दाखवला. मग एकदाही न अडखळता लिहिलं.
दुपारी अर्ज पोस्टात टाकला.