सोनचाफ्याच्या कागदावरची चिठ्ठी

४ सप्टें.
कॉलेजातून कैलास आला होता. वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांची अलमारी भोपाळला जाणार, चाफ्याच्या गणाचे नमुने चिकटवलेले कागद मी तपासून द्यायचे. "मैडम, शुक्रवार तक कर दीजिए, बस." रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी यांना मीच सापडते. हो म्हटलं. नाही म्हणायचं मनातच नव्हतं.

५ सप्टें.
सीताफळ, जायफळ, हिरवा चाफा. सगळे एकाच गणातले, फुलझाडांतलं फार जुनं खानदान. मधमाश्यांच्याही आधीचं, भुंगेऱ्यांच्या भरवशावर फुललेलं. वर्गात हे सांगताना दरवर्षी उगाच भरून यायचं.
सोनचाफा बाजूला ठेवला. लेबल अनंतच्या अक्षरात, कॉलेजातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या. फूल रामघाटाच्या वाटेवरच्या बागेतलं, दोघांनी तोडलेलं. दहा वर्षं एका टेबलावर झाडं चिकटवली आम्ही.

६ सप्टें.
सोनचाफ्याचा कागद उघडलाच.
आम्हा वनस्पतीवाल्यांत नियम आहे. झाडाचं नाव बदललं तरी जुनं लेबल काढायचं नाही, झाकायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची. कोणाला कधी काय वाटलं ते सगळं कागदावर राहतं.
मी झाकलंय.
सोनचाफ्याचं शास्त्रीय नाव मिशेलियाचं मॅग्नोलिया झालं तेव्हा वाद झाला होता. मी म्हणायचे, याचं फूल पानाच्या बगलेत येतं, शेंड्यावर नाही. अनंत म्हणायचा, वंश आतून बघतात आता, जनुकांवरून. त्याच आठवड्यात त्याची पुण्याची नोकरी पक्की झाली. "सुधा, तू पण चल न." मी म्हटलं, आईला कोण बघेल? जाताना त्याने नव्या नावाची चिठ्ठी लावली. मी फक्त वरचं नाव वाचलं आणि त्यावर माझी डकवली. मिशेलिया. भांडण नावाचं नव्हतंच.
साधा पत्तासुद्धा ठेवून गेला नाही, हा राग अठरा वर्षं पुरला. कोणाला तरी विचारता आलं असतं. विचारलं नाही.

७ सप्टें.
चहाच्या पातेल्याची वाफ देऊन माझी चिठ्ठी सोडवली. खाली त्याची, जशीच्या तशी. नाव, तारीख, सही. शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात पुण्याचा पत्ता. 'नमुन्याबद्दल शंका असल्यास कळवावे.'
पत्ता माझ्याच डिंकाखाली होता.
जेवले नाही. त्याची आठवण येते, हे आज सरळ लिहून टाकते.

९ सप्टें.
माझी सोडवलेली चिठ्ठी त्याच्या शेजारी परत डकवली आणि तिसरी लावली. मॅग्नोलिया. माझी सही, आजची तारीख, नानाखेड्याच्या घराचा पत्ता. कैलास न्यायला आला. "मैडम, पुरानी वाली निकाल दूँ?"
"नहीं, तीनों रहने दो."

१० सप्टें.
सकाळी देवास गेटच्या पोस्टात जाऊन अनंतच्या त्या पत्त्यावर पत्र टाकलं. दोन ओळी. शंका आहे, कळवते आहे. अठरा वर्षांत त्याने घर बदललं असेल. आणखीही काय काय झालं असेल.
पोस्टमन आमच्या गल्लीत दोनला येतो. पत्र अजून उज्जैनच्या बाहेरही पडलं नसेल, तरी दोन वाजता मी फाटकाशी उभी होते.